चालणाऱ्या मालासोबत न चालणारा माल उचलायचाच का?

प्रश्न: माझं बार्शीत किराणा दुकान आहे. एका कंपनीचा साबण जोरात खपतो, पण एजंट म्हणतो साबणाच्या दहा पेट्या हव्या असतील तर वॉशिंग पावडरच्या दोन उचलाच. ती पावडर माळ्यावर धूळ खात पडलीय. हे कायद्यात बसतं का?

उत्तर: दादा, कंपनी मोठी असणं हा गुन्हा नाहीच, पण त्या जोरावर समोरच्याला कोंडीत पकडलं की 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 4 लागतं. आता मार्केटमध्ये दबदबा आहे की नाही हे ठरवायला अमुक टक्के असा आकडा कायद्यात नाही, आधी मार्केट कुठलं ते ठरतं, मग दुकानदाराला दुसरा पर्याय आहे का, वगैरे बघतात, आणि साबणात पर्याय भरपूर म्हणून तुमची केस इथेच अडकू शकते, हे स्पष्टच सांगते. पण कलम 3 सुद्धा आहे! त्यात अशी जोडविक्री येते, तिथे दबदबा लागत नाही, स्पर्धेला चांगलाच फटका बसतो हे मात्र दाखवावं लागतं.

कलम 4 चं गुडगावचं उदाहरण बघा, डीएलएफ या बिल्डर कंपनीने 19 मजल्यांची स्कीम 29 वर नेली, करार एकतर्फी, पैसे अडकलेले लोक जाणार कुठे, शेवटी फ्लॅटवाल्यांच्या संघटनेनेच तक्रार केली आणि 2011 मध्ये हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाने 630 कोटींचा दंड ठोकला.

तुम्ही बिलं आणि एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, गावातले बाकी दुकानदार सोबत घ्या. आयोगाकडे तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे.