हँडलमागच्या वाटीत आणि बॅजभोवती मोठा पॅड जात नाही, तिथे पॉलिश कसं करायचं?

बॉनेट, छत, दरवाजे ५ इंची डीए मशिननं (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता डुलणारं पॉलिशर) छान निघाले. पण हँडलमागच्या वाटीतले नखांचे ओरखडे, आरशाच्या बुडाशी आणि डिकीवरच्या अक्षरांभोवती असलेली बारीक ओरखड्यांची जाळी तशीच राहिली, तर १ इंची पॅड ड्रिलला लावून घासू का, असं तुम्ही विचारलंय. घासता येईल. पण आधी एक हिशोब बघा.

१२५ मिमीच्या पॅडचं क्षेत्रफळ सुमारे १२३ चौ. सेमी, २५ मिमीच्या पॅडचं जेमतेम ५. हाताचा जोर तोच ठेवलात तर रंगावरचा दाब २५ पट होतो. शिवाय तेवढ्याच आरपीएमला छोट्या पॅडच्या कडेचा वेग एक पंचमांश असतो, त्यामुळे काही निघतच नाहीये असं वाटतं आणि आपण आणखी दाबतो. रंग जळतो तो इथेच. कंपनीच्या रंगावर क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. धारदार कडेवर तो आणखी पातळ, कारण ओला रंग कडेवरून मागे ओढला जातो. आणि अरुंद जागा म्हटलं की कडा आल्याच.

म्हणून ड्रिलला मी शेवटचा नंबर देतो. वाटी आधी हातानं करून बघा. तिथले ओरखडे बहुतेक वरवरचे असतात. नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर हातानं बरंच काम होतं. बोटाला मायक्रोफायबर गुंडाळायचं नाही, बोटाच्या टोकाचा दाब एका रेषेत पडतो. त्यापेक्षा मऊ फोमचा अंगठ्याएवढा तुकडा कापा, त्यावर मायक्रोफायबर ताणून धरा, मध्यम पॉलिशचे दोन थेंब घ्या आणि सरळ रेषेत २५-३० वेळा पुढे-मागे घासा. पुसा, बघा, लागलं तर पुन्हा. तीन फेऱ्यांत फरक पडला नाही तरच मशिन.

मशिन चालवण्याआधी टेप लावा. ऑटो पेंटच्या दुकानात मिळणारा मास्किंग टेपच घ्या, साध्या टेपचा गोंद उन्हात रंगावर राहतो. हँडलची मागची बाजू, कीलेस एंट्रीचं बटण, रबरी बीडिंग, काळं प्लॅस्टिक सगळं झाका. दाराच्या कडेवर टेप २-३ मिमी आत येऊ द्या. कंपाऊंड (जास्त घासणारं, आधी लावायचं पॉलिश) झाल्यावर टेप काढून पॉलिशच्या वेळी मिलिमीटरभर सरकवून लावा, नाहीतर जिथे टेप संपला तिथे उन्हात सरळ रेघ दिसते. झाकलेली पट्टी शेवटी हातानं तीन-चार वेळा पुसटशी घासली की पुरे.

ड्रिलचा हॅमर मोड बंद आहे ना, हे आधी बघा (हसू नका, राहून जातं). वेग ८०० ते १००० आरपीएमच्या आसपास. लवचिक एक्स्टेंशन असेल तर उत्तम, नाहीतर ड्रिलचं तोंड शेजारच्या पत्र्याला लागतं. वायर खांद्यावरून मागे टाका. पॅडवर एक-दोन थेंब, आधी जागेवर टेकवून मग ट्रिगर. चालू मशिन टेकवलंत तर पॉलिशचे शिंतोडे काचेपर्यंत उडतात. मशिनच्या वजनाव्यतिरिक्त जोर नको, पॅड सपाट ठेवा, एका जागी थांबू नका. १०-१२ सेकंदांनी थांबून हाताची मागची बाजू टेकवा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर उशीर झालाय.

बंपर आणि आरशाची कव्हरं प्लॅस्टिकची असतात. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक धरून ठेवतं, म्हणून तिथे वेळ निम्मा करा. रंगाची जाडी मोजायचा साधा गेजही तिथे आकडा देत नाही, त्याला खाली धातू लागतो.

छोटा पॅड फार लवकर भरतो. एका गाडीला १ इंची पॅड सहा-आठ तरी हवेत. दर वेळी ब्रशनं झाडा. पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर तिथेच हात आवरा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅड रंगता कामा नये. क्लिअर कोट नसलेल्या साध्या रंगावर मात्र तो रंगतोच. तुमच्या गाडीवर कोणता आहे हे डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थोडं घासून तपासा.

डिकीवरच्या अक्षरांमध्ये मशिन घालूच नका. खोडरबराचा पाचरीसारखा तुकडा कापा, त्यावर पातळ मायक्रोफायबर गुंडाळा, तेवढ्यानं भागतं. लाकडी काडी नको, तिचं टोक नवी रेघ ओढतं. पॉलिश वाळायच्या आत मऊ टूथब्रशनं ओलं करून काढा. फटीत वाळलेला पांढरा थर काळ्या गाडीवर महिनाभर वाकुल्या दाखवतो.

दोन दरवाज्यांमधला काळा खांब आधी नखानं कडेला तपासा. बऱ्याच गाड्यांवर तो रंग नसून काळी फिल्म असते. तिला पॉलिश लावलंत तर मळकट डाग पडतो आणि फिल्म बदलण्याशिवाय इलाज उरत नाही. चकचकीत काळं प्लॅस्टिक असेल तर ते रंगाहून मऊ असतं: सगळ्यात मऊ फोम, फिनिशिंग (सगळ्यात बारीक) पॉलिश, हातानंच.

शेवटी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी मिसळून पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते बुजवतं. ते गेल्यावर जे दिसेल तो खरा निकाल. वाटीत एखादी रेघ तरीही नखाला अडकत असेल तर ती राहू द्या किंवा टचअप पेननं भरा.