ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी मधूनच उचल घेत नाही, चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. दोष कसा शोधायचा?

तुमचं वर्णन असं आहे: पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल. आठवड्यातून दोन-तीनदा पेडल दाबूनही सेकंद-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेपावते. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, फरक पडला नाही. आता मेकॅनिक थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग) बदला म्हणतोय.

थ्रॉटल बॉडी अजून बदलू नका. मीही याच दोषामागे दोन महिने फिरलोय आणि एकामागून एक चांगले भाग काढून फेकलेत, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

तुमच्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडलला दोन सेन्सर असतात. पाय किती दाबलाय ते हे दोन्ही सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतात, ईसीयू मोटरकरवी थ्रॉटलची झडप उघडतो आणि ती खरंच किती उघडली हे सांगायला तिथेही दोन सेन्सर असतात. त्यामुळे ‘उचल नाही’ याचे दोन वेगळे अर्थ निघतात. एक तर झडप उघडलीच नाही. किंवा झडप उघडली, हवा आत गेली, पण तिच्या जोडीला पुरेसं पेट्रोल किंवा नीट ठिणगी मिळाली नाही. यातलं काय घडतंय हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नाही.

ते ठरवायला स्कॅनर लागतो. गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये लावायचा साधा ब्लूटूथवाला ओबीडी ॲडॉप्टर आणि फोनवरचं ॲप पुरतं, फक्त त्यात लाइव्ह डेटा रेकॉर्ड करून आलेख पाहता आला पाहिजे. आधी पेंडिंग कोड, म्हणजे दिवा लागण्याआधीच ईसीयूने नोंदवलेले दोषांचे क्रमांक, बघा. बऱ्याच दोषांसाठी लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये चूक दिसली तरच दिवा लागतो, पण पहिल्या वेळची नोंद आत राहते. पी२१३८ असेल तर पेडलच्या दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही, पी२१३५ असेल तर थ्रॉटलच्या दोन सेन्सरचं. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. काहीच नोंद नसेल तरी हरकत नाही, आलेख बोलतोच.

रेकॉर्डिंगला पेडलची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, आरपीएम, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) आणि ॲपमध्ये दिसत असेल तर ब्रेक स्विच एवढंच निवडा. वीस गोष्टी निवडल्या तर स्वस्त ॲडॉप्टर प्रत्येक आकडा फार सावकाश आणतो आणि पाव सेकंदाची पडझड निसटून जाते. फोन शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्या, तुम्ही फक्त गाडी चालवा. दोष सापडेपर्यंत ओव्हरटेक करणं टाळा, कारण समोरून गाडी येत असताना हे दोन सेकंद फार मोठे असतात.

आता धक्का बसला त्या क्षणाचा आलेख बघा. पेडलची रेघ वर गेली आणि थ्रॉटलची जागेवरच राहिली, किंवा पेडलचीच रेघ मध्ये खड्ड्यासारखी खाली आली, तर दोष विजेच्या बाजूचा. दोन्ही रेघा बरोबरीने वर गेल्या आणि आरपीएम तेवढा मागे राहिला, तर हवा-पेट्रोल-ठिणगीकडे वळा. आरपीएम चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय, इंजिनाचा दोष नाही.

माझ्या गाडीत पेडलची रेघ स्वच्छ होती, थ्रॉटलची मात्र मध्येच आडवी पडायची. थ्रॉटल बॉडी मी आधीच बदलली होती, तरी हे चालूच. मग एका रात्री मागून येणारा मित्र म्हणाला, ‘तू ब्रेक का मारत होतास सारखा?’ मी ब्रेकला पायही लावला नव्हता. ब्रेक स्विच सैल झाला होता, खराब रस्त्यावर हादरला की ब्रेक दाबल्याचा सिग्नल जायचा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबलेले दिसले की ईसीयू सुरक्षेसाठी थ्रॉटल कमी करतो. माझ्या गाडीचा ईसीयू आपलं काम चोख करत होता, त्याला खबरच चुकीची मिळत होती. स्विच बदलून नीट बसवला आणि तो दोष गेला. म्हणून ब्रेक स्विचची रेघ आलेखात हवीच म्हणतो.

विजेच्या बाजूला याहून जास्त वेळा सापडतं ते कपलर (वायरी जोडणारे जोड) आणि वायरिंग. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून पेडल अगदी सावकाश खालपर्यंत दाबा आणि सोडा, रेघ कुठेही तुटता कामा नये. जुन्या घासणाऱ्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये रोजच्या संथ वेगाला पाय जिथे असतो, नेमकी तीच जागा आधी झिजते. मग पेडल थोडं दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला पेडलचा कपलर, थ्रॉटलचा कपलर आणि गाडीच्या बॉडीकडून इंजिनाकडे जाणारी वायरिंग हलवायला सांगा. इंजिन सतत हलतं, बॉडी स्थिर असते, त्यामुळे वायर तिथेच घासते आणि तुटते. पिनांवर हिरवट थर आहे का, एखादी पिन सैल आहे का, तेही पाहा. इंजिनाची अर्थिंग मल्टिमीटरने तपासा: इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ते नट उघडून साफ करून पुन्हा आवळा.

हवा-पेट्रोल-ठिणगीच्या बाजूला फ्युएल ट्रिम हा उत्तम वाटाड्या. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बराच काळ साठलेला) ट्रिम मिळून साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असावं. एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सरवाल्या गाडीत आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, आकडा बराच अधिक आणि २५०० आरपीएमला तो खाली येत असेल, तर कुठल्या तरी पाइपातून न मोजलेली हवा आत शिरतेय. उलट आयडलला ठीक आणि चढावर वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ घाण झालाय. पेट्रोलचा दाब मोजायचा तर लोड असताना मोजा, उभ्या गाडीत थकलेला पंपही पास होतो. ट्रिम नीट आणि गाडी फक्त चढावर गचके देते, तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या. पेट्रोल भरल्यावर लगेचच त्रास होत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का पाहा.

थ्रॉटल बॉडी साफ करायला हरकत नाही, कार्बनमुळे पहिल्या हलक्या दाबाला झडप अडखळते. पण इग्निशन चालू असताना तिथे बोट घालू नका, मोटर झडप जोरात मिटवते. हाताने ढकलू नका, आतले गिअर बहुधा प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर ईसीयूला आयडल नव्याने शिकवावं लागतं, त्याची पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. आणि एमएएफवर कार्ब्युरेटर क्लीनर कधीच मारू नका, त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो.

काहीही दुरुस्त केलं की त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, इंजिन तितकंच तापलेलं असताना पुन्हा रेकॉर्डिंग करा. तुमचा दोष आठवड्यातून दोन-तीनदा येतो, म्हणजे चार दिवस शांत गेले म्हणून तो गेला असं धरू नका. मी तीन आठवडे रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, मगच ॲडॉप्टर काढला.