एलव्हीडीटी दुपारीच का भरकटतो?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचं ग्राइंडिंगचं छोटं युनिट आहे. पिनची लांबी स्टँडवर बसवलेल्या एलव्हीडीटीने (प्लंजर किती सरकला ते विजेच्या सिग्नलमधून सांगणाऱ्या सेन्सरने) तपासतो. सकाळी मास्टर (ठरलेल्या मापाचा नमुना) लावून झीरो करतो, पण दुपारी तोच मास्टर २५-३० मायक्रॉन कमी दाखवतो. मध्येच आकडे उड्या मारतात. सेन्सर बदलला, फरक नाही. सप्लायर म्हणतो, आकडे दाखवणारा इंडिकेटरही बदला.

उत्तर : इंडिकेटरवर एवढ्यात पैसे घालू नका. नवा सेन्सरही तेच रडगाणं गातोय, म्हणजे रोग बहुधा दुसरीकडे आहे. आणि तुमच्या पत्रात दुखणी दोन आहेत, दुपारचं भरकटणं आणि आकड्यांच्या उड्या. ती आधी वेगळी करा.

आधी भरकटणं. एलव्हीडीटी स्टँडवरून काढा, प्लंजर (पुढची सरकती दांडी) पितळी पट्टीने घट्ट अडकवून टेबलावर ठेवा आणि दुपारभर आकडा बघा. हलला नाही तर इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष, स्टँड दोषी. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २०० मिमीचा खांब मे महिन्यात पश्चिमेच्या पत्र्याला टेकून उभा असेल, तर सकाळच्या ३० वरून दुपारी ४३ अंशांवर जायला वेळ लागत नाही. हिशोब करा : ३० मायक्रॉन. खांब वाढला, सेन्सर वर उचलला गेला, आणि एसी केबिनमधून आत्ताच आणलेला थंडगार मास्टर बुटका ठरला! मास्टर तासभर आधी स्टँडशेजारी आणून ठेवा, मगच झीरो करा. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत दर तासाला पुन्हा करा. स्टँड भिंतीपासून हलवा, पण कूलरच्या झोतातही नको. कूलर माणसांसाठी आहे, मोजमापासाठी नाही.

आता उड्या. त्या केव्हा येतात ते ऑपरेटरला वहीत लिहायला सांगा. शेजारचं वेल्डिंग सुरू झालं की, ग्राइंडरचा ड्राइव्ह चालू झाला की, का कूलरचा पंप लागला की? सेन्सरची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली असेल तर ती आधी बाजूला काढा. केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) फक्त इंडिकेटरच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं की त्यातूनच करंट फिरतो आणि गोंधळ वाढतो.

वहीत काहीच जुळलं नाही तर कनेक्टर उघडा. कूलरच्या ओलाव्याने पिनांवर हिरवट थर चढलेला सापडेल, असं मला वाटतं. सप्लाय बंद करून, केबल सोडवून सेन्सरमधल्या दोन्ही सेकंडरी (आउटपुट देणाऱ्या) कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. तो जवळजवळ सारखा यायला हवा आणि केबल हलवली तरी टिकायला हवा. मात्र डीसी सप्लायवर चालणारा, आत सर्किट असलेला सेन्सर असेल तर ही मोजणी करू नका, त्यातून काही कळत नाही.

आणि हो, मास्टर लावल्यावर कोर (प्लंजरबरोबर कॉइलमध्ये सरकणारा गाभा) रेंजच्या मध्याजवळ असतो ना, तेही पाहा. रेंजबाहेर फार गेला की आउटपुट पुन्हा कमी व्हायला लागतं. मग आकडा दिसतो अगदी खरा, पण असतो खोटा.