‘सब्र कर’ म्हणण्याआधी

अगं, नागपूरच्या मोमीनपुऱ्यातल्या शाळेत रुजू झालीस ना, मग ‘सब्र’ (म्हणजे धीर, संयम) हा शब्द जपून वापर. नववीतलं पोरगं रडत आलं की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘सब्र करो बेटा’. त्याला ऐकू येतं, ‘गप्प बस’. त्यापेक्षा याकूब पैगंबरांची गोष्ट सांग. हरवलेल्या मुलाच्या, युसूफच्या दुःखात त्यांचे डोळे पांढरे पडले, असं कुराणाच्या 12व्या सूरेत (अध्यायात) आहे. आणि ‘सुंदर सब्र’ हे शब्दही तिथे त्यांच्याच तोंडी आहेत. म्हणजे रडणं आणि सब्र एकत्र नांदतात. एवढं कळलं की पोरांचे आवळलेले खांदे सैल होतात, मी पाहिलंय.

रागाचं सोपं. हदीस, म्हणजे मुहंमद पैगंबरांचं वचन, सांगते, उभा असशील तर बस, तरी नाही शमला तर आडवा हो. वर्गात कुठे आडवं होणार! नळावर वुजूला, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुवायला पाठव. एप्रिलातल्या नागपुरी उन्हात पाण्यानेच अर्धं काम होतं.

अत्याचाराचं कानावर आलं तर मात्र ‘ऐब (दोष) झाकावा’ वगैरे नको. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. जीव द्यायची भाषा असेल तर ‘हराम आहे’ सांगून सुटू नकोस. त्याच्या शेजारी बसूनच 14416 लाव, ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे.