ड्रोनच्या व्हिडिओत क्षितिज तिरकं येतं, गिंबल कॅलिब्रेट करूनही जात नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मिनी ड्रोननं पन्हाळ्यावर शूट करता, क्षितिज कधी डावीकडं कलतं कधी उजवीकडं, गिंबल (कॅमेरा सरळ धरणारा मोटरवाला सांधा) तीनदा कॅलिब्रेट, म्हणजे नव्यानं जुळवून झालाय आणि आता नवा बसवायचा विचार आहे. बसवू नका. मी बसवलाय. अकरा हजार गेले आणि क्षितिज होतं तिथंच राहिलं.

माझा कोल्हापुरात मंगळवार पेठेत स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, वास्तुशांती, अधूनमधून एखादं कुस्तीचं मैदान. एडिटिंग माझा मेव्हणा करतो. हात चांगला आहे त्याचा, ते नाकारत नाही. पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

तुळशीची लग्नं होऊन आठवडा झाला असेल. एका जोडप्याचं प्री-वेडिंग होतं रंकाळा तलावावर, सकाळी सात वाजता. त्या वेळी कोवळं ऊन थेट पलीकडच्या काठावर, शालिनी पॅलेसवर पडतं आणि तो काळा दगड मस्त उठून दिसतो. दोन शॉट घेतले. एक म्हणजे पाण्यावर चाळीसेक मीटर उंचीवर स्थिर उभा राहून पॅलेस आणि त्याचा घड्याळाचा मनोरा. दुसरा तलावातल्या संध्यामठाला गोल फेरी मारत. घरी आलो, कार्ड मेव्हण्याच्या हातात दिलं आणि झोपलो.

संध्याकाळी त्याचा फोन. "दाजी, तुमचा गिंबल गेलाय. सगळं वाकडं आलंय. मी सरळ करून घेतो, पण ड्रोन दुरुस्तीला टाका." टाकला. दुरुस्तीवाल्यानं उघडलं, मान हलवली, नवा गिंबल बसवला. त्या माणसाचा काही दोष नाही, मीच जाऊन "गिंबल बदला" म्हणून सांगितलं होतं.

व्हिडिओ दाखवायला नवरदेवाच्या घरी गेलो. त्याचे चुलते रिटायर गवंडी. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस. सगळे आहाहा करत होते, हे गप्प. पॅलेसचा शॉट आला तसे म्हणाले, "थांबवा जरा." उठले, आत गेले, गोणपाटाची पिशवी घेऊन आले. आधी पाणसळ काढली आणि टीव्हीवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध. "टीव्ही सरळ हाय." मग ओळंबा काढला, दोरी बोटाला गुंडाळली आणि पडद्यापुढं सोडला. लोखंडी लोलक दोनदा हलला आणि थांबला. दोरी खाली सरळ, आणि तिच्यामागं घड्याळाचा मनोरा उजवीकडं कललेला. बोटभर नाही, चांगला दोन बोटं.

"फोटोग्राफर, मनोरा पडाया लागलाय की हो."

पोरंसोरं हसली. मला घाम फुटला. उरलेले पैसे त्या दिवशी मिळाले नाहीत हे वेगळं सांगायला नको. तसाच स्टुडिओत आलो आणि मूळ क्लिप उघडली. एडिट नाही, कार्डातली. मनोरा ओळंब्यात होता! कॅमेरा शंभर टक्के सरळ होता, गिंबल ठणठणीत होता. वाकडा केला होता मेव्हण्यानं.

का केला, तिथंच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्यानं पलीकडचा काठ क्षितिज धरला. तो क्षितिज नाही. समुद्रावर पाणी आणि आभाळ मिळतं ती रेघ खरी आडवी. आपल्या कोल्हापुरात तसली रेघ कुठं आहे? रंकाळ्याचा काठ डाव्या बाजूला जवळ होता, उजव्या बाजूला लांब पळत गेला होता. वरून बघताना लांबचं पाणी फ्रेममध्ये वर दिसतं, जवळचं खाली. म्हणजे काठ उजवीकडं चढताना दिसणारच, कॅमेरा कितीही सरळ असला तरी. ड्रोन जितका उंच, तितका तो चढ जास्त. मेव्हण्याला वाटलं तीन अंश वाकडं आहे, त्यानं तीन अंश फिरवलं. काठ आडवा झाला, मनोरा कलला. शिवाय फिरवल्यावर कोपरे रिकामे दिसतात म्हणून क्लिप 9 टक्के मोठी करावी लागली, ते वेगळंच. सोळा-नऊच्या फ्रेमला एका अंशाला साधारण 3 टक्के जातात. फोर-के शूट करून फुल एचडी देत असाल तर चालून जातं, नाहीतर धार मरते.

तुमच्या पन्हाळ्यावर तर काठ पण नाही, नुसत्या डोंगरांच्या धारा. जोतिबाच्या डोंगराकडं कॅमेरा केलात तर ती धार जन्मजात उतरती आहे. तिला आडवी करायला गेलात तर गडावरच्या सज्जाकोठीची भिंत पडेल. म्हणून आडवं काही शोधूच नका, उभं शोधा. भिंतीचा कोपरा, देवळाचं शिखर, टॉवर. विजेच्या खांबावर मात्र भरवसा नको, आपल्याकडचे निम्मे स्वतःच कललेले असतात. आणि ते उभं फ्रेमच्या मधोमध असलेलं बघा. कॅमेरा खाली झुकवला की कडेच्या उभ्या रेघा तिरक्या होतातच, त्यात ड्रोनचा दोष नाही. मधली रेघ खोटं बोलत नाही. ॲपमध्ये ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेघा) चालू ठेवा म्हणजे उडवतानाच कळतं.

मेव्हण्याला हे पटत नाही. आजही नाही. तो म्हणतो, "मग संध्यामठाची क्लिप का वाकडी होती? तिथं तर मठच मधोमध होता." बरोबर आहे, ती खरंच वाकडी होती. सुरुवातीला सरळ, अर्ध्या फेरीनंतर दीड-दोन अंश कललेली, मी थांबल्यावर काही सेकंदांत परत हळूहळू सरळ. पण गिंबल मोडका असता तर तो थांबल्यावर शहाणा झाला असता का?

तुमचं "कधी डावीकडं कधी उजवीकडं" हे त्याच जातीतलं दिसतंय. केएमटीच्या बसमध्ये उभे असता आणि बस जोरात वळते, तेव्हा तुम्हाला क्षणभर वाटतं की खाली म्हणजे तिरकं खाली. ड्रोनचंही तेच होतं. खाली कुठं आहे हे त्याला आतल्या सेन्सरकडून कळतं, आणि जोरात वळताना बाजूला बसणारा झोक त्या अंदाजात मिसळतो. गिंबल बिचारा त्या चुकीच्या "खाली"शी इमान राखून कॅमेरा धरतो. नवा बसवला तरी तो त्याच चुकीच्या हुकमाचा ताबेदार. म्हणून अकरा हजार पाण्यात.

उपाय फुकटचा आहे. सिने मोडवर (ड्रोन सावकाश उडतो तो) या, वळण सावकाश घ्या, शॉट चालू करण्याआधी चार-पाच सेकंद हवेत नुसतं उभं राहा. स्पोर्ट मोडमध्ये फेऱ्या मारून लगेच रेकॉर्डचं बटण दाबणाऱ्यांनी तक्रार करू नये. (मीही त्यातलाच होतो. मेव्हण्यानं हे वाचलं तर वाचू दे.) आधीच घेतलेल्या क्लिपा असतील तर एकच आकडा टाकून फिरवू नका, सुरुवातीला शून्य आणि जिथं कलतंय तिथं तेवढं, असे कीफ्रेम (त्या त्या क्षणाला वेगळा आकडा) लावा.

पन्हाळ्याच्या कड्यावर आणखी एक भानगड असते, वारा. मिनी हलकं आहे. आडव्या वाऱ्यात जागेवर राहायला ते स्वतः एका बाजूला झुकतं, आणि गिंबलला फिरायला मर्यादा असते. ती संपली की क्षितिज कलणारच. त्याला कॅलिब्रेशन नाही, त्याला घरी जाणं हा उपाय.

आता, ज्याला खरंच गिंबलचा दोष म्हणावा तो ओळखायचा कसा? वारा नसताना डोक्याइतक्या उंचीवर स्थिर उभा करा, समोर दाराची चौकट धरा. कायम एकाच बाजूला, सारखंच कलत असेल तर गिंबल. तेव्हा सपाट टेबलावर ठेवून ऑटो कॅलिब्रेशन करा, हात न लावता. बाइकच्या सीटवर नाही, गाडीच्या बॉनेटवर नाही. (तुमची तीन कॅलिब्रेशनं कुठं केली ते लिहिलं नाहीत.) त्यानं नाही गेलं तर ॲपमध्येच हातानं थोडं थोडं सरकवता येतं. एनडी फिल्टर (लेन्सवरची काळपट काच) लावला असेल तर काढून बघा, हादरे शोषणारे रबरी डॅम्पर जागेवर आहेत का बघा, कुठं आपटलं होतं का ते स्वतःला खरं सांगा. दांडी वाकली असेल तरच दुरुस्तीवाला. गिंबल मोड फॉलोवर आहे ना, एफपीव्हीवर (त्यात ड्रोनबरोबर कॅमेराही कलतो) नाही ना, हे बघितलंच असणार.

एक सांगायचं राहिलं. मनोरा सरळ केलेली क्लिप घेऊन मी परत त्या घरी गेलो तेव्हा चुलत्यांनी ओळंबा परत सोडला. बराच वेळ बघत राहिले. "आता मनोरा बरोबर. पर पानी कसं काय चढाला लागलंय?" मी काठाचं सगळं समजावलं, जवळचं खाली लांबचं वर. ते म्हणाले, "ते कळलं. पर लग्नाला आलेल्या हर माणसाला हे सांगत बसनार काय तुमी?" शेवटी तो शॉट कापून मनोऱ्यापुरता ठेवला, काठ फ्रेमबाहेर. पैसे दिले त्यांनी.

मेव्हणा ही गोष्ट त्याच्या बाजूनं सांगतो. म्हणतो बघा, लोकांना काठच आडवा हवा असतो. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण ड्रोन खराब नव्हता एवढं त्यानं एकदा तोंडानं म्हणावं.

आणि पन्हाळा असो की रंकाळा, उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघा. उजळाईवाडीला विमानतळ आहे आणि शहराचा बराच भाग त्याच्या जवळ येतो.