आंबवलेल्या भाज्यांनी पोट सुधारते का, आणि आपले लोणचे त्यात धरावे का?

तुम्ही लिहिले आहे की दाढेच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यापासून तुमचे पोट जड राहते, मधूनच शौचाला पातळ होते, आणि कोणी तरी तुम्हाला आंबवलेल्या भाज्या खाण्याचा सल्ला दिला आहे. घरचे कैरीचे लोणचे रोज खाल्ले तर तेच काम होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि आता काही वर्षांपासून घरी भाज्या आंबवते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी लोणच्याविषयी. फोडणीचे लोणचे टिकते ते मीठ, तेल, मोहरी आणि कैरीचा मूळचा आंबटपणा यांच्या जोरावर, आणि बाजारच्या अनेक लोणच्यांत वरून ॲसेटिक आम्लही घातलेले असते. अशा लोणच्यात पोटाला उपयोगी पडणारे जिवाणू भरपूर वाढलेले असतील, असे धरून चालणे योग्य नाही. आपल्याकडच्या खारातल्या कैऱ्यांविषयी मलाही पूर्वी वेगळे वाटत असे. माझी आई वैशाखात अख्ख्या कैऱ्यांचा एक थर आणि खडे मिठाचा एक थर असे चिनी मातीच्या बरणीत लावायची, वर नदीतला धुतलेला गोटा ठेवायची आणि तोंडाला दादरा बांधून बरणी माळ्याखाली सरकवायची. आषाढात ती कैरी सुरकुतलेली, मऊ आणि जिभेला झोंबेल इतकी खारट होऊन बाहेर निघायची. मात्र तो पदार्थ पावसाळाभर टिकण्यासाठी केलेला असतो. त्यात मीठ इतके असते की आंबवणाऱ्या जिवाणूंनाही तिथे नीट वाढता येत नाही. त्यामुळे ती कैरी आंबवलेली म्हणण्यापेक्षा खारवलेली म्हणणे अधिक बरोबर आहे.

भाजी खऱ्या अर्थाने आंबते ती कमी मिठात. कोबी किंवा मुळा यांच्या पानासालींवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. भाजीच्या वजनाच्या सुमारे २ ते २.५ टक्के मीठ लावून ती स्वतःच्या सुटलेल्या पाण्यात बुडवून ठेवली की हवेचा संपर्क तुटतो, मिठामुळे नासवणारे जिवाणू मागे पडतात, आणि हे जिवाणू भाजीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीत बारीक बुडबुडे चढताना दिसतात, पाणी गढूळ होते आणि झाकण उघडताच ताकाच्या वासाशी नाते सांगणारा आंबूस वास येतो. आम्लता पुरेशी वाढली की बहुतेक रोगजंतूंना तिथे वाढता येत नाही.

आता पोटात काय होते ते पाहू. भाजीबरोबर गेलेल्या जिवाणूंपैकी काही जठरातल्या आम्लातून जिवंत पार होतात, पण बहुतेक आतड्यात घर करत नाहीत. काही दिवसांत ते पुढे निघून जातात, म्हणून उपयोग व्हायचा असेल तर खाणे नियमित हवे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३६ निरोगी प्रौढांना दहा आठवडे दोन वेगळे आहार दिले होते, एका गटाला तंतुमय पदार्थ भरपूर आणि दुसऱ्याला आंबवलेले पदार्थ भरपूर. दुसऱ्या गटाच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दर्शवणारी रक्तातली १९ प्रथिने कमी झाली. बातम्यांत मात्र एक गोष्ट बहुतेकदा सुटते, ती अशी की त्या गटाच्या खाण्यात दही, केफिर (आंबवलेले दूध), किमची (कोरियन पद्धतीची आंबवलेली भाजी), कोम्बुचा (आंबवलेला चहा) असे पुष्कळ काही होते आणि प्रमाणही दिवसातून पाच-सहा वेळा वाढून घेण्याइतके होते. दोन चमचे कोबीकडून तेवढ्याच परिणामाची अपेक्षा धरता येणार नाही.

दुसरा अभ्यास मला अधिक विचारात पाडणारा वाटतो. नॉर्वेत पोटाच्या चिवट तक्रारी असलेल्या, म्हणजे आयबीएस असलेल्या ३४ रुग्णांना सहा आठवडे रोज आंबवलेला कोबी दिला गेला. काहींना जिवंत जिवाणूंचा, तर काहींना तापवून जिवाणू मारलेला. त्रास दोन्ही गटांत कमी झाला. यावरून मला असे वाटते की श्रेय फक्त जिवंत जिवाणूंना देऊ नये; आंबवताना भाजीत होणारे बदल आणि भाजीतले तंतू यांचाही त्यात वाटा असावा. मी आंबवलेला कोबी तरीही कधी शिजवत नाही, कारण जिवंत जिवाणू हवे असतील तर त्यांना आचेवर घालण्यात अर्थ नाही.

अँटिबायोटिकनंतरचा तुमचा मुद्दा नाजूक आहे. २०१८ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या अभ्यासात असे दिसले की अँटिबायोटिकनंतर जिवाणूंच्या तयार गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती सावरायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. तो अभ्यास गोळ्यांचा होता, खाद्यपदार्थांचा नव्हता, पण जितके जास्त जिवाणू पोटात घालू तितके बरे हा समज मी त्यानंतर सोडून दिला. तुमच्या जागी मी नाचणीची भाकरी, कुळीथ, पालेभाज्या आणि ताक यांवर भर दिला असता आणि आंबवलेली भाजी तोंडीलावण्याइतकीच ठेवली असती. आतड्यात आधीपासून असलेल्या जिवाणूंना मुळात अन्न लागते, आणि ते तंतुमय पदार्थांतून मिळते.

मिठाचा हिशेब नक्की ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, आणि २ टक्के मिठाच्या ५० ग्रॅम कोबीतून त्यातले १ ग्रॅम जाते. माझ्या वडिलांचा रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी सर्वांत आधी खारातली कैरी बंद केली होती, आणि पेजेच्या ताटलीकडे बघत ते किती दिवस हळहळले हे मी पाहिले आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका.

करायचे झाले तर आपल्या हवेचा विचार आधी करा. कोबी आंबवण्यासाठी १८ ते २० अंश तापमान उत्तम मानतात आणि किनाऱ्यावर तेवढा गारवा फक्त पौष-माघातल्या पहाटेला असतो. मी पहिल्यांदा मे महिन्यात बरणी भरली तेव्हा चौथ्या दिवशी कोबी लिबलिबीत झाला होता आणि त्याला कुजका वास येत होता, तो सगळा टाकावा लागला. आता मी डिसेंबर-जानेवारीत किलोभर कोबी बारीक चिरून, २० ग्रॅम मीठ लावून, पाणी सुटेपर्यंत हाताने चुरते, काचेच्या बरणीत दाबून भरते, भाजी पाण्याखाली राहील असे वजन ठेवते आणि पाच-सहा दिवसांनी फ्रिजमध्ये टाकते. मीठ शिरोड्याच्या मिठागरातले खडे असो वा पुडीतले आयोडीनयुक्त, दोन्हींनी आंबते. वर पांढरी पातळ साय आली तर ती काढून टाकता येते, पण हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर संपूर्ण बरणी फेकून द्या.

सुरुवात रोज एका चमच्याने करा, कारण पहिल्या आठवड्यात गॅस होण्याची शक्यता असते. मलाही झाला होता. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खाणार असाल तर कोबी वाफाळत्या पेजेत न मिसळता बाजूला घ्या. मात्र पातळ होणे आणखी आठवडाभर थांबले नाही, ताप आला किंवा शौचातून रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा आणि अँटिबायोटिक कोणते, किती दिवस घेतले होते ते त्यांना आवर्जून सांगा.