वस्तादांच्या पाया पडण्याबद्दल

चि. सोन्यास,

कोल्हापूरहून परतल्यापासून तुझा एकच प्रश्न चालू आहे. आबा स्वतः सत्तरीचे, मग ते त्या म्हाताऱ्या वस्तादांसमोर एवढे वाकून पाया का पडले? "ते तर नुसते त्यांचे कोच होते ना?"

हे 'नुसते कोच' मला पटलं नाही, आणि का ते सांगायला मला आपलं शिकागोच पुरेल. एलिस अव्हेन्यूवरच्या ज्या मैदानाला स्टॅग फील्ड म्हणतात, त्या स्टॅगबद्दल लिहिते.

अमोस अलोन्झो स्टॅग 1862 साली न्यू जर्सीत जन्मला. येल विद्यापीठात गेला तो पाद्री व्हायला. बेसबॉलचा पट्टीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि अमेरिकन फुटबॉलच्या 1889च्या पहिल्या ऑल-अमेरिका संघातही, म्हणजे देशातल्या निवडक खेळाडूंच्या यादीत, त्याचं नाव. पण चार लोकांसमोर उभं राहून प्रवचन करणं काही जमेना. मग मुलं घडवायची तर मैदानावरच, असं ठरवून तो स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाळेत गेला. तिथेच पुढे जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल हा खेळ काढला. 1892च्या मार्चमध्ये पहिला जाहीर सामना झाला, त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना 5-1 हरवलं. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅगचा.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ सुरू झालं. अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलला स्टॅगचे शिक्षक. त्यांनी त्याला बोलावलं ते शारीरिक शिक्षण आणि खेळ विभागाचा प्रमुख म्हणून, सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जाने, कायम नोकरीत. त्या काळी कोच म्हणजे बहुधा हंगामापुरता आणलेला जुना खेळाडू, सामने संपले की घरी. प्राध्यापकांच्या पंगतीत कोचचं पान मांडलं ते हार्परनी.

स्टॅग तिथे 41 हंगाम राहिला. फुटबॉलसोबत बेसबॉल आणि ट्रॅकही, म्हणजे धावण्याच्या शर्यतीही, त्याच्याकडेच. 1905 साली त्याच्या संघाने मिशिगनला 2-0 हरवलं, तेव्हा मिशिगन सलग 56 सामने अपराजित होतं. तो शिवी देत नसे, फार चिडला तर खेळाडूला 'गाढव' म्हणे, आणखी चिडला तर 'डबल गाढव'. त्याला देव करू नकोस बरं. चांगले खेळाडू मिळवण्यात तो भारी चतुर होता, आणि 1905चा त्याचा हिरो वॉल्टर एकर्सॉल पदवी न घेताच बाहेर पडला. कोचला प्राध्यापक केलं म्हणून सगळे खेळाडू विद्यार्थी होतात असं नाही.

आता कोल्हापूर. हार्परना जे कागदावर लिहून द्यावं लागलं, ते तालमीत कुणी लिहून दिलेलं नसतं. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभं केलं, पण वस्तादांचा मान त्याच्याही आधीचा. आबा पहाटे तालमीत जात. आधी माती खणायची, मग जोर-बैठका, मग लढत. डाव शिकवायचे ते वस्ताद. काय खायचं, किती वाजता झोपायचं, कुणाबरोबर हिंडायचं, हेही त्यांनीच ठरवायचं. चुकलास तर घरी निरोप जायचा, आणि तुझे पणजोबा वस्तादांचीच बाजू घ्यायचे. आबांना शाळेतले किती मास्तर आठवतात कोण जाणे, वस्ताद मात्र रोज आठवतात. याचीही दुसरी बाजू आहेच. वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून काही पोरांनी दुखऱ्या खांद्याने कुस्त्या धरल्या. ते मला आजही आवडत नाही.

स्टॅगचं पुढे काय झालं ते ऐक. सत्तरी आली, नियमाप्रमाणे विद्यापीठाने त्याला निवृत्त केलं. तो पार कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या छोट्या कॉलेजात गेला आणि पुन्हा कोच झाला. 1943 साली, 81 वर्षांचा असताना, त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच निवडलं. नंतर पेनसिल्व्हानियात मुलाच्या जोडीने कोचिंग केलं, मग परत स्टॉकटन. 1965 साली गेला तेव्हा 102 वर्षांचा होता. इकडे शिकागो विद्यापीठाने 1939 साली वरच्या दर्जाचं फुटबॉलच बंद केलं, आणि 1942 साली त्याच्या जुन्या मैदानाच्या स्टँडखाली फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने जगातली पहिली अणुभट्टी चालवली.

तुला वस्तादांच्या पाया पडायचंच असं नाही, हात जोडून नमस्कार केलास तरी चालेल. फक्त त्यांना नावाने हाक मारू नकोस. आणि रविवारी आबांचा फोन आला की विचार, वस्ताद त्यांना काय काय म्हणायचे. 'डबल गाढव' त्यापुढे काहीच नाही.

तुझी,
आई